काकूंनी फोनवरून वर्षाचं भरलं

"बोला, कोण पाहिजे?"

फोन उचलल्यावर काकू असं म्हणायच्या, त्यात नवल नाही. पण दार उघडलं तरी त्या हेच म्हणायच्या. गेटाशी गाय येऊन उभी राहिली तर तिलाही हेच. वर्ध्याच्या टेलिफोन ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडण्यात घालवली. त्या निवृत्त झाल्या, पण हे वाक्य काही निवृत्त झालं नाही.

पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घराच्या अगदी समोर. काकू आता नाहीत. पण गल्लीत कोणी नवीन आलं की आम्ही त्याला पहिल्यांदा त्यांचीच गोष्ट सांगतो, कारण त्या बाईनं आम्हा सगळ्यांना एकाच उन्हाळ्यात दोनदा हादरवून सोडलं होतं.

त्यांची आणखी एक खोड तुम्हाला आधी सांगायला हवी. एखादी गोष्ट करायची नसेल तर काकू 'नाही' म्हणत नसत. वर्गणीवाले आले की म्हणायच्या, "आता लाईन बिझी आहे, मंग येजा." नात्यातलं कोणी गळ्यात पडायला लागलं की मध्ये काहीतरी कारण उभं करायच्या. कधी गुडघा, कधी नळाचं पाणी, कधी पाहुणे. समोरचा माणूस हसत हसत परत जायचा आणि आपल्याला नकार मिळाला हे त्याला घरी पोचल्यावर कळायचं.

काका गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. मुलगा पुण्याला. एकुलता एक, मायाळू, पण काळजी करण्यात एक नंबर. काकू भाजीबाजारात पाय घसरून पडल्या आणि हाताला प्लॅस्टर आलं, तेव्हा तो धावत आला आणि त्यानं अट घातली. आईनं बाजारात पाऊल टाकायचं नाही. जे लागेल ते फोनवरून मागवायचं. हे जमलं तर इथं राहा, नाही जमलं तर सामान बांध आणि पुण्याला चल. एवढं बोलून त्यानं फोनमध्ये किराण्याचं ॲप टाकून दिलं, चित्रावर बोट कसं ठेवायचं ते शिकवलं आणि गेला.

म्हणजे काकूंच्या दृष्टीनं ती किराणा मागवायची गोष्टच नव्हती. ती घर राखायची परीक्षा होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला गेटाशीच अडवलं. चेहरा अगदी उतरलेला.

"अवो भाऊ, या दुकानात माणूसच नाई!"

"नसतोच काकू. चित्र पाहायचं न् बोट ठेवायचं."

"मंग भाव कोणाले विचारू? न् डाळ नाई शिजली तं भांडू कोणासंग?"

मला हसू आलं, पण त्या खरोखरच घाबरल्या होत्या. आयुष्यभर दोन माणसांना बोलतं करून देणाऱ्या बाईला एक शब्दही न बोलता तूर डाळ घ्यायची होती. चित्रावर बोट ठेवून त्यांनी डाळ घेतली, गूळ घेतला, सांबार घेतला. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिच्यापुढे किंमत लिहिलेली पाहून त्या खुर्चीतून उठल्याच.

"बाप्पा! सांबाराचे पैसे? सांबार तं भाजीवर असाच टाकतेत न!"

सामान घेऊन आलेला माणूस पवनारचा होता. चाळिशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा. उन्हामुळे डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. काकूंनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि त्याच्यासमोरच पिशवी फोडून डाळीचा दाणा दाताखाली धरला. तो बिचारा परीक्षेला बसल्यासारखा पाहत राहिला.

"बरी आहे," काकू म्हणाल्या. "आता सांगा, सांबाराचे पैसे काऊन लावले?"

"मी नाई लावले काकू, कंपनीनं लावले."

"मंग कंपनीले सांगजा, वर्ध्यात असं नाई चालत."

पुढच्या खेपेला त्या माणसानं स्वतःच्या शेतातली एक जुडी आणून दिली. नवीन दुकानात माणूस नव्हता तर काकूंनी तो दारात तयार करून घेतला. त्याचं गाव, शेत, बायकोचं दुखणं, सगळं त्यांना ठाऊक झालं. दिवाळीपासून होळीपर्यंत हे छान चाललं. हात बरा झाला. काकू गल्लीतल्या बायकांना ॲप शिकवू लागल्या, आमच्या घरी तर त्यांनीच ते सुरू करून दिलं. परीक्षा पास झाल्या असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

मग चैत्रात मुलाचा फोन आला. आई, तुझ्याशिवाय मन लागत नाही, एकटीनं राहण्याचं तुझं वय नाही, पुढच्या महिन्यात येतो आणि या वेळी तुला घेऊनच जातो.

"मंग तुम्ही काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हणू? ये म्हटलं."

"न् जायचं?"

काकूंनी तांब्या उचलला. तुळशीला पाणी घालत राहिल्या. मला वाटलं, झालं. आता हे घर बंद होणार. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी गल्लीत गाड्यांचा आवाज सुरू झाला. आमच्या वर्ध्याच्या उन्हात त्या वेळी कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. मी खिडकीतून पाहिलं तर दुपट्टा बांधलेला एक जण काकूंच्या दारात पिशवी ठेवून चालला होता. तो वळतो न वळतो तोच दुसरा आला. मग तिसरा. मग पहिलाच पुन्हा आला. तासभर हे चालू होतं. गल्लीतली दारं एक एक करून उघडली. कोणी म्हणे लग्न निघालं, कोणी म्हणे काकूंचा फोन बिघडला आणि आपोआप मागवत सुटला. आमच्या हिनं तर मला ढकललंच. "जाऊन पाहा न, काय झालं त्या बाईले!"

मी धावत गेलो. ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गव्हाच्या पिशव्या, तांदळाच्या पिशव्या, तूर डाळ, चणा डाळ, हळद, तिखट, शेंगदाणे. आणि मधोमध पिढ्यावर बसून काकू फोनवर बोट दाबत होत्या.

"काकू! हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"वर्षाचं भरून राह्यली."

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचा रिवाज आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. काकू दरवर्षी पवनारला जाऊन शेतकऱ्याकडून गव्हाची पोती आणायच्या. पण या वर्षी मुलाची अट होती, बाजारात पाऊल टाकायचं नाही आणि जे घ्यायचं ते फोनवरून. काकूंनी ती अट तंतोतंत पाळली होती. ॲप एका खेपेला गव्हाच्या दोनच पिशव्या देत होतं, म्हणून त्या पुन्हा पुन्हा मागवत होत्या. वर्षाचं पोतं त्यांनी पिशवी पिशवीनं दारात आणलं होतं.

"अवो, पण तुम्ही तं पुण्याले चालल्या न? एवढं धान्य कोण खाईन?"

काकूंनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या दिवशी हसल्या.

"भाऊ, तुम्हीच सांगा. भरलं घर सोडून कोणी जाते का?"

मी थक्क होऊन तिथंच उभा राहिलो. एवढा मोठा नकार द्यायला त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे एक कारण उभं केलं होतं, आणि ते कारण छताला टेकत होतं.

पुढचे काही दिवस त्या घरात सण होता. आमची ही आणि शेजारच्या बायका जमल्या. पिशव्या फोडल्या, गच्चीवर गहू वाळत घातले, डाळीला एरंडेल तेल चोळलं, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठ्या भरल्या. काकू मध्ये बसून गप्पा मारत होत्या. इतकं आनंदी मी त्यांना काका गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मनातून मला मात्र धाकधूक होती. मुलगा हुशार आहे, त्याला हे कळेल आणि तो चिडेल असं वाटायचं.

मुलगा गाडी घेऊन आला. काकूंनी त्याला जेवू घातलं आणि मग कोठ्या दाखवल्या. "आता कशी येऊ बाबू? वर्षाचं भरून ठेवलं."

तो एकेका कोठीजवळ गेला. कोठ्यांवरून हात फिरवत राहिला. काकूंनी मला खिडकीतूनच डोळ्यानं खूण केली, जमलं म्हणून.

सकाळी गल्लीत टेम्पो उभा होता.

मुलगा हातात दोर घेऊन गेटाशी उभा, चेहरा नुसता फुललेला. मला पाहून म्हणाला, "काका, रात्रभर डोक्यात हेच होतं. आईचं बरोबरच आहे, एवढं धान्य टाकून ती कशी येईल? म्हणून सगळंच नेतो. कोठ्यांसकट!" पुण्यापर्यंतच्या भाड्यात त्याला असलं धान्य दुप्पट आलं असतं. पण तो आईवरच्या मायेनं एवढा खुळावला होता की त्याला त्याचं काहीच नव्हतं. आईची अडचण आपण सोडवली एवढंच त्याला दिसत होतं. एखाद्याच्या पायाखालची सतरंजी कोणी प्रेमानं ओढून घ्यावी, तसं चाललं होतं.

हमालांनी कोठ्या एक एक करून बाहेर काढल्या. काकू दारात उभ्या होत्या. रंग उडालेला. प्रत्येक कोठी जाताना त्या थोडं बाजूला सरायच्या, बस. आमची ही माझा हात धरून उभी होती, तिचे डोळे भरून आले होते.

शेवटची कोठी चढली. मुलानं गाडीचं दार उघडलं. "चल आई."

काकू गेटापर्यंत आल्या. गाडीच्या दारावर हात ठेवला आणि ते हळूच लावून घेतलं.

"धान्य घेऊन जा बाबू. नातवाले पोळ्या खाऊ घाल. मी नाई येत."

"म्हणजे? आई, आता इथं राहिलं काय?"

"काईच नाई राह्यलं. म्हणून तं सांगून राह्यली. सांगाले आता एकही कारण नाई माह्यापाशी." काकूंनी गेट धरलं. "मले पुण्याले याचं नाई, बाबू. मले इथंच राहाचं आहे."

त्या बाईच्या तोंडून सरळ 'नाही' आम्ही कोणीच कधी ऐकलं नव्हतं. तिच्या मुलानंही नसावं, कारण तो मार बसल्यासारखा पाहत होता.

"आणि पडलीस तर?" तो शेवटी म्हणाला.

"पडन तं पडन. पुण्यात काय जमीन नाई का?"

एरवी हसलो असतो आम्ही. त्या दिवशी कोणी हसलं नाही. मुलगा गाडीत बसला. निघताना आईच्या पाया पडल्याशिवाय तो कधी जात नसे, पण त्या दिवशी पडला नाही. गाडी गेली आणि मागोमाग टेम्पो गेला.

काकू आत जाऊन रिकाम्या खोलीत बसल्या. फरशीवर कोठ्यांचे गोल डाग तेवढे उरले होते. आमच्या हिनं ताट नेलं, ते तसंच परत आलं. "माह्यं पोरगं उपाशी गेलं न् मी कशी जेवू?" एवढंच त्या म्हणाल्या. दुपारभर त्यांनी फोन मांडीवर घेऊन ठेवला होता. तो वाजला नाही. आपलं घर राखलं, पण मुलगा गमावला, असंच त्यांना वाटत होतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच वाटत होतं.

दिवेलागणीला मी काकूंच्या ओसरीत बसलो होतो, तेव्हा गेटाशी गाडी थांबली. पवनारचाच माणूस होता. हातात एक लहानशी पिशवी.

"मी नाई मागवलं," काकू आतूनच म्हणाल्या.

"पत्ता तं तुमचाच आहे काकू. तुमच्या मुलाच्या नावानं आहे. रस्त्यातूनच ऑर्डर टाकली दिसते." त्यानं फोनकडे पाहिलं. "न् दर सोमवारी आणाची आहे म्हणे. लिहिलं आहे तसं."

काकूंनी पिशवी घेतली आणि उंबऱ्यावरच ती उघडून बसल्या. कणकेचं लहान पाकीट, थोडी डाळ, थोडे तांदूळ, चहा, साखर. एका माणसाला आठवडाभर पुरेल एवढंच. त्या एक एक वस्तू हातात घेऊन पाहत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"रागावला नाई वो भाऊ," त्या मला म्हणाल्या. "रागावला नाई तो."