राखणदाराची बायको

जिन्याखालच्या खोलीत ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा त्या इमारतीचा राखणदार होता. पुढे त्याला दम्याने धरलं आणि एकेक काम तिच्या अंगावर आलं. पंप लावणं, जिने पुसणं, फाटकाशी बसणं, लिफ्ट अडली की म्हाताऱ्यांना हाताला धरून वर पोचवणं. पगार मात्र त्याच्या नावावर, आणि तिला हाक ‘राखणदाराची बायको’. तिला त्यात वावगं कधी वाटलं नाही.

नवरा गेला. महिना उलटायच्या आत सेक्रेटरींनी निरोप धाडला, खोली राखणदारासाठी आहे, रविवारी मीटिंगला या.

नणंद धावत आली. शिलाईच्या कारखान्यात मालकाशी भांडून भांडून तिच्या जिभेला धार चढलेली.

“राखणदार म्हणजे काय गं, वहिनी?”

“दारावर बसतो तो.”

“दरवाजाचा काही संबंध नाही. राखणं आपलं जुनंच, शेत राखतो, गुरं राखतो तसं. त्याला मागून हा फारसी ‘दार’ जोडला. जमीन ज्याच्या हाती तो जमीनदार, दुकान ज्याच्या हाती तो दुकानदार. राखण ज्याच्या हाती तो राखणदार.”

“म्हणजे त्यांना जमिनी, दुकानं, आणि आपल्या हाती नुसती राखण. बरी वाटणी केली की हो, वन्सं.”

“चेष्टा पुरे. ती राखण इतकी वर्षं कुणाच्या हाती होती? तुझ्या. विचारलं की एवढंच सांगायचं, राखणदार मीच. घोकून ठेव.”

तिने घोकलं. भांडी घासताना, फरशी पुसताना, झोपेतसुद्धा.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. या दोघी जमिनीवर. सेक्रेटरी गोडच बोलले. “बाई, नोंदीसाठी विचारतो हो. तुम्ही इथे कोण?”

“राखणदाराची बायको,” ती पटकन म्हणाली.

नणंदेने डोळे मिटले.

“बघा, त्याच म्हणतायत,” सेक्रेटरी बाकीच्यांकडे वळले. “तर महिनाअखेर खोली मोकळी करा. सामान हलवायला माणूस देऊ आम्ही.”

“तिने हा डोलारा सांभाळला तेव्हा कुठे होता तुमचा माणूस?” नणंद कडाडली. कुणी मोबाइल काढला, कुणाला आठवलं की घरी पाहुणे यायचेत.

तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. पाण्याची धार पार्किंगमध्ये कोसळली. सेक्रेटरींनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. “अहो, पंप बंद करा की.”

ती सवयीने अर्धी उठलीही. मग पुन्हा खाली बसली, पदर नीट केला.

“राखणदार वारला, साहेब.”

माणसं खुर्च्या उचलून मागे सरकली. कुणी विचारलं, बटण कुठे आहे. पाणी उतार धरून जिन्याकडे निघालं. ते आधी कुणाच्या उंबऱ्यातून आत शिरणार, कुणाचं अंथरूण भिजवणार, ते तिला ठाऊक होतं. तरी ती उठली नाही.