रिकाम्या स्टेजवरचा चहा

हसा, हसा! पण आधी चहाचा कप हातात घ्या, म्हणजे हसताना तुमच्या अंगावर सांडेल आणि मला तेवढंच समाधान. कारण ही फजिती माझी एकट्याची नव्हती, ती सगळ्या दुबईने पाहिली. म्हणजे साठच्या दशकातल्या दुबईने! तुमची ती मरीना नव्हती की जबल अलीचं बंदर नव्हतं. एक खाडी, तिच्यात ये-जा करणाऱ्या होड्या, आणि दोन्ही काठांवर सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. तोंड लपवायचं तर कुठे लपवणार?

आणि एक आधीच सांगून ठेवतो. चूक माझी होती असं मी आजही मानत नाही. ऐका आणि तुम्हीच न्याय करा.

मी एका इंग्रज कंपनीत स्टोअरकीपर होतो. नुकतंच लग्न झालेलं. बायको जुबेदा तिकडे रत्नागिरीला आणि मी इकडे घोरणाऱ्या पुरुषांच्या खोलीत! कंपनीचं फॅमिली क्वार्टर मिळालं तरच तिला आणता येणार, आणि क्वार्टर द्यायचं की नाही ते आमच्या साहेबाच्या मर्जीवर. साहेबाला नाद एकच, नाटकाचा. एक दिवस त्याने मला बोलावलं.

"गफूर, हम ड्रामा करता है. अमेरिका का, छोटा गाँव का स्टोरी. तुम स्टेज संभालो. शो अच्छा हुआ तो क्वार्टर का चाबी तुम्हारा."

माझ्या डोळ्यांसमोर जुबेदा बोटीतून उतरायलाच लागली. मी म्हटलं, "साहब, इन्शाल्ला ऐसा सेट लगाऊँगा..."

"सेट नहीं है."

"नहीं है मतलब?"

"दो टेबल, थोडा चेअर. बस. बाकी पब्लिक इमॅजिन करेगा."

आता मला सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही? गाव दाखवायचं आणि गावात चूल नाही, पलंग नाही, एक साधा पाट नाही! मी तोंड उघडलं, तर साहेबाने मला त्या नाटकाचा सगळा इतिहासच ऐकवला. अमेरिकेत पहिल्यांदा झालं तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली म्हणे. सेट कुठे आहे, विचारलं. मग तेच लोक डोळे पुसत बाहेर आले. तेव्हापासून मोठ्या थिएटरात होवो नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, जिथे जिथे ते नाटक झालं तिथे स्टेज रिकामंच.

मी मनात म्हटलं, जिथे जिथे झालं तिथे कोकणी माणूस नव्हता, म्हणून रिकामं!

संध्याकाळी हमीदभाईच्या हॉटेलात गेलो. हमीदभाई मुरुडचा, खाडीकाठी चहाचं हॉटेल चालवायचा. त्याला सगळं सांगितलं. तो माझ्यापेक्षा भडकला.

"अरे, रिकामं घर दाखवणार? लोक काय म्हणतील? कंपनी भिकेला लागली!"

"तेच तर! आणि शो पडला तर माझं क्वार्टर गेलं."

"मग बघतोस काय? यल्ला, चल! माझं संगमरवरी टेबल घेऊन जा."

आणि हो, मी गेलो ना घरोघर! नाटकाचं नाव काढलं की जो तो हौसेने सामान द्यायचा. कोणी पितळी पलंग दिला, कोणी शिलाई मशीन. आपल्या श्रीवर्धनच्या हाजीचाचांनी तर लग्नात आलेलं आरशाचं कपाट दिलं. साहेबाच्या नाटकात एक दूधवाला घोडा घेऊन येणार होता, म्हणजे तोही हवेतलाच. घोडा मी कुठून आणणार? पण पाणी वाहणारं गाढव मिळालं.

शो कंपनीच्या गोडाऊनमध्ये. साहेब तोंड रंगवायला बसला आणि मी पडद्यामागे अख्खं गाव उभं केलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! जुबेदाने पाहिलं असतं तर तिथेच राहायला गेली असती.

पडदा उघडला. साहेब स्वतःच नाटकातला सूत्रधार. हॅट घालून, पाईप तोंडात धरून प्रेक्षकांकडे बघत ऐटीत आला आणि इंग्रजीत म्हणाला, मंडळी, इथे काहीच नाही, सगळं तुम्ही मनाने बघायचं. असं म्हणून हात पसरला, तो थेट हाजीचाचांच्या कपाटावर आपटला.

लोक हसले. हसणारच! पलंग, मशीन, पेटलेला स्टोव्ह समोर, आणि हा म्हणतो काही नाही!

नाटकातली आई हवेत भांडी घासते आहे आणि शेजारी खरी भांडी. तेवढ्यात मी गाढव आत सोडलं. गाढवाने आरशात दुसरं गाढव पाहिलं. पुढचं सांगत नाही. आरसा गेला, संगमरवराचा तुकडा उडाला, मशीन आडवं झालं. इंटरव्हलला साहेब हॅट आपटत आला.

"खलास! सब बाहर! एक चीज भी नहीं चाहिए! ओन्ली चेअर्स!"

मला इतका संताप आला! माणूस जीव तोडून करतो आणि वर बोलणीही त्यानेच खायची? पण क्वार्टर डोळ्यांसमोर होतं. सगळं सामान बाहेर काढलं.

आता तिसरा अंक. त्याची तालीम शुक्रवारी व्हायची आणि शुक्रवारी मी नमाजला असायचो. त्यामुळे त्यात काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं, हे नीट लक्षात ठेवा. मी विंगेतून बघतोय. खुर्च्यांच्या रांगा. त्यांच्यावर माणसं बसलेली, गप्प, समोर नजर लावून. मागून काळ्या छत्र्या घेतलेले लोक आले. आमच्या अकाउंटंट डिसूझाला विचारलं असतं, पण तोही त्या रांगेतच बसलेला. शेवटी मेकअपवाल्याला विचारलं, "क्या हुआ?"

"लडकी मर गया."

या अल्ला! मयत!

आता सांगा, आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटते का? नाही ना? मग आल्यागेल्यांना चहा कोणी द्यायचा? शेजाऱ्यांनी! आणि इथे बिचारे कधीचे बसलेत, पाण्याचा घोट नाही, आणि एक शेजारी पुढे येत नाही. असलं कसलं हो हे गाव? इंटरव्हलसाठी आणलेली हमीदभाईची चहाची किटली मागेच होती. मी टोपी सारखी केली, ट्रे उचलला आणि मान खाली घालून स्टेजवर गेलो.

पहिल्या बाईच्या हातात कप दिला. ती हलेना. बिचारी, धक्का बसलाय! दुसऱ्याला दिला. पुढे डिसूझा. मी हळूच म्हटलं, "सब्र करो, डिसूझासाब. अल्ला की मर्जी."

डिसूझाने ओठ न हलवता सांगितलं, "गफूर, मैं मेलेला आहे."

"ऐसा नहीं बोलते."

"हम सब मेलेला आहे! कब्रस्तान है ये!"

म्हणजे हे भेटायला आलेले नव्हते, हेच मयत! ट्रे घेऊन परत फिरलो, तोच मागून त्याच मेलेल्या माणसाचा आवाज आला, "अब लाया है तो दे. शक्कर कम है ना?"

आणि प्यायला! फू फू करून, बशीत ओतून! मग इतर मुडदेही प्यायले. जिथे अख्खी अमेरिका रडली, तिथे दुबई पोट धरून हसली. विंगेत साहेब दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला होता. त्याला बघून मात्र मला खरंच वाईट वाटलं. आणि आपलं क्वार्टर गेलं, हेही कळलं.

सकाळी साहेबाने बोलावलं. मी राजीनाम्याच्या तयारीनेच गेलो. त्याने टेबलावर चावी ठेवली.

"साहब?"

"जाओ. वाइफ को बुलाओ."

मी धावत क्वार्टर बघायला गेलो. कंपनीच्या क्वार्टरमध्ये सगळं फर्निचर असायचं. माझ्या क्वार्टरमध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या. बस. परत ऑफिसात धावलो. साहेब पाईप ओढत शांतपणे म्हणाला, "बाकी इमॅजिन करो, गफूर."

शेजाऱ्यांकडे मागायला गेलो, तर हाजीचाचांनी फुटका आरसा दाखवला आणि हमीदभाईने स्टूलसुद्धा दिलं नाही. टेबल घेऊन जा म्हणणारा तोच हमीदभाई! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे घर मिळालं आणि वासे फिरले!

जुबेदा आली. बोटीच्या प्रवासाने थकलेली. दार उघडलं, तिने सगळीकडे पाहिलं.

"अहो, पलंग कुठाय?"

"मनात आण."

"आणि चूल?"

मग तिला नाटक, गाढव, मयत, सगळं सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, तरी भीत भीत विचारलं, "जुबेदा, जेवायचं काय?"

ती उठली. रिकाम्या कोपऱ्यात बसून हवेतच भाकरी थापली, उलटली, सुरमई तळली, टेबलावर वाढली, वर लिंबूसुद्धा पिळलं. समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "जेवा. पण काटे बघून हां, घशात अडकतील."

काय करणार? मी मान खाली घालून काटे काढत बसलो.