आडनाव विचारणारी शांतता

नदीकाठच्या त्या मठात रहाटसुद्धा हळू आवाजात कुरकुरत होता. प्रवासाचा शीण गार फरशीवर उतरला. जेवणाआधी मठाच्या कारभाऱ्यांनी हसून, अगदी मऊ आवाजात आमची आडनावं विचारली. मला आतल्या पंगतीत पाट मिळाला, तर माझे ड्रायव्हर सखारामभाऊ यांना गोठ्याजवळच्या पडवीत पत्रावळ. सकाळीच आम्ही दोघांनी एका बशीतली भजी खाल्ली होती.

“राहू द्या सर, सवय आहे,” भाऊ म्हणाले.

कुणी खेकसलं असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळे गोड बोलत होते. मला त्या शांततेचीच चीड आली. कुणी तोंड उघडत नाही, म्हणून तर ती टिकते.

मीही उघडलं, ते फक्त जेवायला. आमटी दोनदा मागून घेतली.