इब्रूची हजेरी

इब्रू भ्याला की हसायचा. गालातल्या गालात नव्हे, चांगले दात दिसतील असं. अशा मुलाचं शाळेत काय होतं ते सांगायला नको. मुख्याध्यापक ओरडले की हा हसे, हा हसला की ते आणखी ओरडत, आणि त्यांचा हात पट्टीकडे गेला की ह्याचं हसू थेट कानापर्यंत पोचे. नववीचं निम्मं वर्ष त्याने वर्गाबाहेर उभं राहून काढलं असेल. मीही त्याला उद्धटच समजत होते. एकदा न राहवून विचारलं, "अरे, सर एवढं हसण्यासारखं काय बोलतात?" तर खाली बघून म्हणाला, "भीती वाटली का येतं ओ बाई. मी नाय आणत."

मला ते लगेच पटलं, कारण भीती ह्या विषयात माझा अभ्यास गणितापेक्षा जास्त आहे. माझं माहेर लांज्याकडचं. विहिरीपेक्षा मोठं पाणी लग्न होईपर्यंत पाहिलेलं नव्हतं. रत्नागिरीत आले, शाळेत गणिताची बाई झाले, तरी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेले की मी लाटेपासून वीस पावलं लांब. शिवाय साहेबांची भीती, तपासणीची भीती, नोकरी जाण्याची भीती. अशा बाईच्या वर्गात दहावीला इब्रू आला.

त्याचे वडील मस्कतला होते. आधी त्यांचा दर शुक्रवारी फोन येई, मग फक्त ईदला, आणि मग तोही थांबला. त्यांनी तिकडे दुसरं घर केलंय अशी मोहल्ल्यात कुजबुज होती. इब्रूसमोर ती करायची सोय नव्हती. वर्गातल्या एकाने करून बघितली, त्याचा ओठ फाटला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीची काचही गेली. "बाबा पुढच्या ईदला यायचेत," असं इब्रू त्या वर्षात मला तीन वेळा सांगून गेला. तिसऱ्या वेळी तो हसत होता.

गणितात तो यथातथाच. पण एकदा मी फळ्यावर पाऊणपटीचं उदाहरण घातलं आणि सगळा वर्ग पेन चावत बसला असताना मागून आवाज आला, "दहा पाऊण साडेसात." पाऊणकी! माझ्या आजोबांनंतर ती मी कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. कोणी शिकवली म्हणून विचारलं तर म्हणाला, "बशीरचाचांनी. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणकी करायची, तेवढ्या वाजता भरती." मग आठवडाभर त्याने रोज फळ्याच्या कोपऱ्यात भरतीची वेळ लिहिली आणि पोरं पाऊणकी शिकली. मी मात्र अस्वस्थ झाले. बशीरचाचा म्हणजे मिरकरवाड्यातले तांडेल, स्वतःची छोटी बोट घेऊन मासेमारीला जाणारे. शाळकरी मुलाला भरतीच्या वेळा तोंडपाठ लागतात कशाला?

खोदून विचारल्यावर कळलं. दिवाळीपासून तो त्यांच्या बोटीवर जात होता. पहाटे नमाजाला म्हणून निघायचा, तिथून मित्राकडे अभ्यासाला जातो असं घरी सांगितलेलं, आणि जायचा तो धक्क्यावर. अकराच्या सुमारास बोट परत येई. साडेबाराच्या आत ओल्या केसांनी, सुरमईचा वास घेऊन तो वर्गाच्या दारात हजर. "घरात कोणीतरी मिळवायला नको का, बाई?" असं त्याने मला विचारलं. पंधरा वर्षांचा मुलगा. त्याच्या अम्मीचा धाकटा भाऊ समुद्रात गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून इब्रूने बोटीला पाय लावायचा नाही अशी तिने शपथ घातलेली. "अम्मीला सांगू नका. सांगितलंत तर मी शाळाच सोडीन," तो म्हणाला. तो बोलल्याप्रमाणे वागणारा होता.

दहावीच्या परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. ती भरायची माझ्या हातात होती. अकरा वाजता हजेरी घेताना त्याचा नंबर आला की मी मान वर न करता त्याला हजर मांडू लागले. येतोच आहे की तास-दीड तासात, असं स्वतःला सांगत होते. आणि तो येतही होता. आपण एका पोराचं वर्ष वाचवतोय ह्याचं मला, खरं सांगते, कौतुक वाटत होतं.

डिसेंबरातली ती दशमी होती. सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि मी नेहमीप्रमाणे त्याला हजर मांडलं. बाराच्या सुमाराला दक्षिणेकडून अचानक सोसाट्याचं वावधन उठलं. वर्गाच्या खिडक्या आपटायला लागल्या, पटांगणातली झाडं वाकली. साडेबारा वाजले. मी दाराकडे बघत शिकवत होते. इब्रू आला नाही. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेतला तेवढ्यात मुख्याध्यापक सहज म्हणाले, "तुमच्या त्या इब्रूच्या आईचा फोन होता. वारा सुटलाय, पोरगा शाळेत पोचला ना म्हणून विचारत होती. हजेरीपट बघून सांगितलं, आहे म्हणून."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. सर, तो वर्गात नाही, तो समुद्रावर आहे. एवढंच वाक्य. पण त्याच्या मागोमाग पुढचं वाक्य येणार होतं, की मग हजर कोणी मांडलं? येईल, उशीर झाला असेल, धक्क्यावर जाळी आवरत असेल. मी चहा प्यायले. पुढचे तास घेतले. प्रत्येक तासाच्या घंटेला मी दाराकडे बघत होते आणि प्रत्येक तासाला मी पुढचं उदाहरण फळ्यावर घालत होते. मनात पाऊणकी चालू होती. दशमी, साडेसातला भरती, म्हणजे आता ओहोटी, म्हणजे बंदराच्या तोंडाशी पाणी कमी, म्हणजे बोट आत शिरणार कशी? त्यानेच मला हे शिकवलं होतं.

पाच वाजता शाळा सुटली आणि मी रिक्षा केली. मिरकरवाड्याच्या वरच्या आळीत त्याचं घर. अम्मी दारात शिलाईमशीनवर बसली होती. मला बघून हसली. "या बाई. इब्रू कुठं ऱ्हायला मागं? सुटली ना शाळा?"

"भाभी, तो आज शाळेत आला नाही," मी म्हणाले. "तो बशीरचाचांच्या बोटीवर गेलाय."

"नाय ओ. मी फोन केलेला. हजर हाय म्हणाले."

"मी खोटं मांडलं होतं."

तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी म्हणाले, "दिवाळीपासून." मग ती उठली आणि डोक्यावरची ओढणी सावरत, चप्पल न घालता धक्क्याकडे धावत सुटली. मी मागे.

धक्क्यावर सगळ्या बोटी आल्या होत्या, बशीरचाचांची सोडून. तिथले लोक काळजीत होते, पण घाबरलेले नव्हते. बशीर जुना माणूस, बरोबर चौघे तयार खलाशी, कुठेतरी आडोसा धरून थांबला असेल, असं त्यांचं चाललं होतं. इब्रूचं वय भरलेलं नव्हतं, म्हणून खलाशांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. "माझा पोर हाय त्यात," अम्मी म्हणाली. आणि पाच मिनिटांत दोन मोठ्या बोटी सुटल्या.

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी अम्मीच्या शेजारी उभी होते आणि तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर शोधायला गेलेल्या बोटीवरून फोन आला. इंजिन बंद पडून बोट उत्तरेकडे वाहत गेली होती, आत गुडघाभर पाणी. सापडले होते. सगळे होते. दोर लावून त्यांना जयगडच्या खाडीत नेत होते. अम्मी तिथेच खाली बसली.

चार दिवसांनी इब्रू शाळेत आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. बोटीतलं पाणी उपसून कातडी गेली होती. त्या दिवसाच्या हजेरीबद्दल सरांनी विचारलं तेव्हा घाईत चुकून मांडली, एवढंच मी सांगितलं होतं. परीक्षेपर्यंत तो एक दिवस चुकला नाही. मी त्याला हजर मांडताना तो खरोखर समोर बसलेला असे, तरी मी दोनदा बघत असे. पन्नास टक्क्यांनी पास झाला. अम्मी त्याला घेऊन बहिणीकडे पनवेलला जायची होती, बोटींपासून लांब.

दाखला न्यायला तो जूनमध्ये आला. मिसरूड फुटली होती, आवाज जाड झाला होता. व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, हजेरीचं अम्मीने सरांना कधीच सांगितलं नाय. सांगणार पण नाय. तुमी भिऊ नका." मग तो आपणहूनच त्या दिवसाबद्दल बोलायला लागला. त्याआधी कधी बोलला नव्हता.

"दुपारनंतर सगळ्यांनी हात टेकलेले, बाई. बशीरचाचा पण दुवा करत बसले. मी म्हटलं, उपसत ऱ्हावा. आमच्या बाईंना माहीत हाय मी बोटीवर आलोय. साडेबाराला मी वर्गात दिसलो नाय का त्या लगेच उठतील, धक्क्यावर जाऊन सांगतील. बोट निघालीच असंल. असं मी दर थोड्या वेळाने सांगत होतो, म्हणून ते उपसत ऱ्हायले."

तो माझ्याकडे बघत होता. मी किती वाजता घरी पोचले ते अम्मीने त्याला सांगितलेलं दिसत नव्हतं.

"हो रे," मी म्हणाले. "लगेच उठले मी."

त्याने समाधानाने मान हलवली, वाकून माझ्या पाया पडला आणि दाखल्याची घडी खिशात घालून निघून गेला. ह्याला पाच वर्षं झाली. त्या दुपारी तो पाणी उपसत असताना मी वर्गात उदाहरणं सोडवत होते, हे त्याला अजून माहीत नाही.