ड्रोन पाडायचा अधिकार

जयप्रकाश सबनीस केंद्र सरकारच्या बिनतारी खात्यात इंजिनिअर होते. नोकरीची तेहतीस वर्षं बदल्यांत गेली होती, त्यातली शेवटची चार कोलकात्यात. ऑफिसात त्यांची ओळख एवढीच, की हातात आलेला कुठलाही कागद ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

दुर्गाविसर्जनाच्या दिवशी दुपारी चारला बागबाजारच्या घाटावरून इन्स्पेक्टर आभा मंडल यांचा फोन आला.

"दादा, गर्दीवर एक ड्रोन घिरट्या घालतंय. खाली काहीतरी बांधलंय. आमच्यापैकी कुणाचं नाही. पेटी गाडीत आहे. उघडू?"

पेटीत ड्रोनचा संपर्क तोडणारी बंदूक होती. पोलिसांकडे ती चाचणीपुरती दिलेली. चालवायची परवानगी मात्र सबनीसांच्या खात्यामार्फत दिल्लीहून यायला हवी. सबनीसांनी दिल्लीला फोन लावला. तिथल्या साहेबांनी मेल मागितला. मेल गेला, तर त्यात घाटाचे अक्षांश-रेखांश हवे होते. इकडे आभा दर दोन-तीन मिनिटांनी विचारत होत्या, "उघडू?" आणि सबनीस सांगत होते, "थांबा." असं नऊ वेळा झालं. मग बॅटरी संपली आणि ड्रोन सरळ खाली आलं, ते रजनी दास नावाच्या बाईंच्या तोंडावर. खाली बांधलेला होता साधा कॅमेरा. बाईंचा डावा डोळा गेला.

सबनीस इस्पितळात भेटायला गेले. काय बोलायचं ते जिना चढताना ठरवलं होतं. पण खाटेपाशी पोचताच रजनीताईंनीच विचारलं, "पोलीस तर तिथेच उभे होते ना?"

"होते."

"मग?"

सबनीस तिथून थेट ऑफिसात गेले.

त्यांनी टिपणी लिहिली: प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक पोलिसांना जागच्या जागी निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार द्यावा. फाइल प्रश्नांसह परत आली. उद्या पोलिसांनी त्यांना नकोशा वार्ताहराचं ड्रोन पाडलं तर? पाडलेलं ड्रोन दुसऱ्या कुणाच्या डोक्यात पडलं तर? विमानांच्या यंत्रणेत अडथळा आला तर? सबनीस आधी चिडले, मग ओशाळले, कारण प्रश्न खरे होते. बराकपूरच्या एका मोकळ्या मैदानात त्यांनी आभांना घेऊन पुन्हा पुन्हा चाचण्या केल्या आणि अटी लिहून काढल्या. जिवाला धोका असेल तरच. खाली माणसं नसतील तेव्हाच. दर वापराचा लेखी अहवाल. आणि ड्रोनवाल्याला तक्रार करायची सोय.

मार्चमध्ये त्यांच्या पुण्याच्या बदलीचा हुकूम आला. त्यांच्या पत्नी वृंदाबाई चार वर्षं त्याचीच वाट पाहत होत्या. वृंदाबाईंची आई पुण्यात एकटी होती. सबनीसांनी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली.

"अहो, तुमच्यावाचून ती फाइल हलायची नाही का?"

"हलेल गं. पण अटी गाळून हलेल."

वृंदाबाईंनी वाद घातला नाही. एप्रिलमध्ये त्या एकट्याच पुण्याला गेल्या.

ऑगस्टमध्ये आदेश निघाला: तीन घाट, बारा अधिकारी, एका वर्षापुरता. सबनीसांनी तो दोनदा वाचला. तक्रारीचं कलम तेवढं गळलं होतं. पुन्हा पत्र, पुन्हा फोन, तीन आठवड्यांनी कलम आलं.

त्या वर्षीच्या विसर्जनालाही ड्रोन आलं, गर्दीच्या अगदी डोक्यावर. आभांनी कुणालाच फोन केला नाही. ते नदीवर सरकेपर्यंत बंदूक रोखून धरली आणि मग कळ दाबली. ड्रोन पाण्यात गेलं.

"दादा, पाडलं," त्यांनी नंतर कळवलं.

"कुणाला लागलं?"

"नाही."

सबनीसांनी फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना नुसती गुंगी आली. टेबलावरच डोकं टेकून ते थोडा वेळ पडून राहिले.

दोन दिवसांनी ड्रोनवाल्याची तक्रार आली. परदेशातल्या भावाला विसर्जन दाखवत होतो, असं त्याचं म्हणणं. आभा वैतागल्या. सबनीस म्हणाले, "त्याला बोलवा आणि पूर्ण ऐकून घ्या. हाही आपल्याच आदेशाचा भाग आहे."

पुण्याची जागा एव्हाना भरली होती. नोकरीच्या उरलेल्या दोन वर्षांसाठी त्यांना नागपूर मिळालं. त्यांनी फोनवर वृंदाबाईंना हे कळवलं.

"नागपूरहून थेट गाडी आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारचे येत जा."