वर पाठवलेली पेटी

स्वतःच्या घरातलं सामान स्वतःच्याच बायकोला इतक्या वेळा विकत घ्यायला लावणारा दुसरा माणूस नागपुरात नसावा. माझ्या बायकोचे हे मामा बेसा भागात राहतात. आजूबाजूला सगळे प्लॉट, फ्लॅट आणि नव्या गाड्यांच्या मागे लागलेले, आणि हे गृहस्थ घर रिकामं करण्याच्या मागे. एखादी वस्तू फार आवडू लागली की ती माणसाला खाली ओढते, असं त्यांचं मत. मग ती कापणीच्या सणाला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाते. या सणाला मंडळीतले लोक पहिलं पीक देवाला अर्पण करतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. कुहीकडची माणसं धान आणतात, कोणी कोहळा आणतं, मामा मिक्सर आणतात. याला ते ‘वर पाठवणं’ म्हणतात. एकदा ‘मोतीला वर पाठवलं’ हे ऐकून शेजारीण सांत्वनाला आली, तर मोती दारातच तिच्यावर भुंकला. मामींनी बोली लावून त्याला सोडवून आणलं होतं. सोडवणं हा मामींचा शब्द. मिक्सर, आरामखुर्ची, टेबलफॅन, सगळं त्यांनी असंच सोडवलेलं.

दोन वर्षांपूर्वीच्या सणाला मामांनी मामींची पेटी उचलली. ती मामींना त्यांच्या वडिलांनी दिलेली. रोज संध्याकाळी त्या तिच्यावर उपासनेची गीतं वाजवतात आणि मामा डोळे मिटून ऐकतात.

“माझा सगळ्यात जास्त जीव हिच्यातच अडकून राहिला,” मामा म्हणाले. “म्हणूनच पाठवतो.”

“पेटी माझी अन् स्वर्ग तुमचा?” मामी म्हणाल्या. “या वेळी मी नाही सोडवत, जा!”

मामांना ते नेहमीचं बोलणं वाटलं. लिलावात मौद्याच्या एका गृहस्थांनी पेटीवर बोली लावली. एक वार झालं, दोन वार झालं. मामांनी मामींकडे पाहिलं. मामी कोहळा ठोकून पाहत होत्या.

“काहून वं, बोल ना!”

“दिलं ते दिलं.”

मामांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. इतकी वर्षं सोडत आपण होतो आणि सोडवत ही होती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तीन वार म्हणायच्या आत त्यांनी हात वर केला. खिशात पैसे नव्हते. ते बाळगत नाहीत.

“मी देवळाचं अंगण झाडीन,” ते म्हणाले. “वर्षभर. दर शनिवारी.”

मंडळीत हशा पिकला. मौद्याच्या गृहस्थांनी हात जोडले. “घ्या भाऊ, पेटी तुमची. एवढी बोली नाही झेपत मले.”

तेव्हापासून मामांच्या प्रार्थनेत मागणं जवळजवळ राहिलेलं नाही. ते फक्त उपकार मानतात, आणि त्यात पहिलं नाव मामींचं असतं. दर शनिवारी दोघं देवळात जातात. मामी आत रविवारच्या गीतांचा सराव करतात, मामा बाहेर झाडतात. परवा मी त्यांना घ्यायला गेलो, तेव्हा अर्धं अंगण झाडायचं बाकी होतं आणि मामा खराटा धरून नुसते उभे होते.

“मामा, वर्ष तर कधीच सरलं,” मी आठवण करून दिली.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“थांबा ना जवाई. तुमची मामी वाजवून राहिली.”