बंदरावरचे गमबूट

ठेकेदाराने बूट वाटले त्या दिवशी फोटो काढायला मला बोलावलं. मला बूट मिळाले नव्हते, त्यामुळे माझे हात मोकळे होते. तीन गवंडी आणि स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारे पाच सेंटरिंगवाले हातात खोके धरून ओळीत उभे राहिले, मधोमध ठेकेदार, आणि मी त्याच्याच मोबाईलचं गोल बटण दाबलं.

"बायकांच्या मापाचे येतच नाहीत गो," तो मला म्हणाला. एवढं सांगावंसं वाटलं हेच त्याचे उपकार.

बंगला भाट्याला होता आणि मालक मुंबईला. फोटो त्यांना गेला. आपल्या घराच्या कामावर माणसांना किती जपतात हे बघून ते खूश झाले म्हणे.

एक बूट मी हातात घेऊन बघितला होता. वरून काळा चकचकीत, आत पुठ्ठा. तळवा अंगठ्याने दाबला तर दबला, आणि तसाच दबलेला राहिला. असला बूट नवऱ्या मुलालासुद्धा देऊ नये, त्यालाही मांडवातून घरापर्यंत चालायचं असतं. पण फुकट मिळालं की या पुरुषांना सगळं मऊ लागतं. दोन दिवस ते बूट पुसत होते.

माझे बूट मी आधीच घेतले होते. मासेमारी बंदराजवळ खलाशांना लागणारं सामान विकतात, तिथून गमबूट आणले होते, सगळ्यात लहान मापाचे. तरी मोठे व्हायचे, म्हणून आत जुन्या चादरीच्या पट्ट्या कोंबायची. जो बूट दिवसभर खाऱ्या पाण्यात आणि बर्फात उभा राहतो तो सिमेंटही सोसेल, एवढी अक्कल मला चौथीपर्यंतच्या शाळेत आली होती. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यावर मी स्वतः शिवलेली चुंबळ आणि पायांत ते बूट. मला बघितलं की मोठा गवंडी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "काय गो बाये, बांगडे आणलंस काय?"

"पापलेट असलं तर माझ्यासाठी ठेव हां," दुसरा म्हणायचा.

रोज तेच दोन मासे. तिसरा मासा त्यांना कधी सुचला नाही. मी खाली बघून घमेलं उचलायची. मला चारचौघांत उत्तर देता येत नाही, आधीपासूनच.

चौदा वर्षं मी बिगारी होते. चिरे वाहिले, वाळू वाहिली, माल कालवून दिला. त्या वर्षी मान दुखायला लागली. सकाळी उठले की डोकं एका बाजूला वळायचं नाही. घमेलं अजून दोन-तीन वर्षं पेलेल, पुढे नाही, हे मला कळत होतं. घमेल्यावरून थापीवर गेले नाही तर हे काम सुटणार होतं आणि दुसरं मला येत नव्हतं. थापी चालवायला मी बघून बघून शिकले होते. स्वतःची थापी होती, चांगल्या लोखंडाची, लाकडी मुठीची. तिने मी आमच्या घराच्या मागच्या भिंतीला गिलावा केला होता, पसंत पडेना म्हणून दोनदा खरवडून तिसऱ्यांदा केला. ही थापी डब्याच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळलेली असायची. कामावर ती कधी बाहेर काढली नव्हती.

मग वरचा स्लॅब टाकायचा दिवस आला. स्लॅब सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही. अकरा वाजेपर्यंत फुकटच्या बुटांनी तोंडं उघडली. बारा वाजता मोठ्या गवंड्याच्या डाव्या बुटाचा तळ ओल्या काँक्रीटमध्ये राहिला. तो शोधायला वाकला तर ठेकेदार खालून ओरडला, "अरे जाऊ दे रे, माल सुकतोय!" तो तळ अजून तिथेच आहे. मालक त्याच्याखाली झोपतात.

सिमेंटचं पाणी पायांना लागलं तर लगेच धुवायला लागतं, नाहीतर कातडी भाजते. पण बूट घातलेत म्हणजे पाय सुरक्षित, असं धरून ही शहाणी माणसं संध्याकाळपर्यंत त्याच ओल्या मोज्यांत उभी राहिली. सेंटरिंगवाले खाली टेकूंजवळ होते, ते वाचले. दुसऱ्या दिवशी तिन्ही गवंडी दवाखान्यात. पायांची कातडी सोलून निघाली होती.

मालक शिमग्याला येणार होते आणि खालच्या पुढच्या-मागच्या दोन्ही खोल्या तोपर्यंत गिलावा करून तयार ठेवतो असं ठेकेदाराने कबूल केलं होतं. तो अंगणात फेऱ्या मारत फोन करत होता. शिमग्याच्या तोंडावर गवंडी कुठून मिळणार? मी पिशवीतून थापी काढली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुला येतं?"

मी मान डोलावली.

"बघ बाबा. आधी मागची खोली घे, तिच्या भिंतीला कपाटं लागणार, झाकून जाईल," असं म्हणून त्याने स्वतःचीच समजूत घातली.

चार दिवस लागले. पाचव्या सकाळी त्याने ओळंबा सोडून बघितला. दोरा भिंतीपासून वर जेवढा होता तेवढाच खाली. त्याने दुसऱ्या कोपऱ्यात सोडला, मग तिसऱ्या. चूक न सापडल्याचं दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "हं," म्हणाला. चौदा वर्षांत मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

तेवढ्यात मोठा गवंडी आला, पायांना पट्ट्या, स्लीपर घातलेली. भिंतीकडे त्याने बघितलंच नाही.

"बास झाला तुझा खेळ. घमेलं उचल गो."

ठेकेदार लगेच मोबाईलमध्ये बघायला लागला. मला कळलं की आज घमेलं उचललं तर ते मान मोडेपर्यंत डोक्यावर राहणार. पाय बुटांत होते, ते हलले नाहीत.

"घमेलं त्यांना सांगा," मी म्हणाले, "ज्यांचा बुटांसकट फोटो काढलाय."

सेंटरिंगवाले हसले, या वेळी माझ्याकडे बघून नाही. ठेकेदाराने मोबाईल खिशात टाकला. "राहू दे रे. पुढची खोली ती करू दे, मी दुसरा बिगारी बघतो." यात त्याचा चांगुलपणा काही नव्हता. शिमगा आठ दिवसांवर आला होता आणि पुढच्या खोलीला कपाटं लागणार नव्हती.

त्यानंतर मी घमेलं उचललेलं नाही.

पाय बरे झाल्यावर मोठा गवंडी एकदा जेवणाच्या सुट्टीत जवळ आला आणि त्याने हळूच विचारलं, ते गमबूट नेमके कुठल्या दुकानातले. मी लाजरी बाई, परक्या पुरुषाशी किती बोलणार? बंदरावर, एवढंच सांगितलं. बंदरावर दुकानं पुष्कळ आहेत.